आमच्या घरातला कॅमेरा बदलला तेव्हा

कॅमेरावाल्याच्या घरात फोटोंपेक्षा किस्से जास्त साठतात. फोटो निदान हार्डडिस्कमध्ये जातात, किस्से घरभर पडून असतात. आमच्याकडचे अर्धे सांगताना अजून हसू येतं. उरलेले मी कोणाला सांगितले नव्हते.

आमचे हे, म्हणजे महेश, अंबरनाथला कंपनीत आहेत. रविवारी फोटो काढायला जातात. सोबत दोघं. एक आमच्या बिल्डिंगमधले रिटायर झालेले कदमकाका, दुसरे पालेगावचे नंदूभावजी. नंदूभावजींकडे चांगला कॉम्प्युटर आहे. म्हणून फोटो कोणीही काढो, कार्ड त्यांच्याकडे द्यायचं. ते फोटो साफसूफ करून पाठवतात.

एकदा चिखलोलीच्या धरणावर कदमकाका अर्धा तास पोटावर पडून बगळ्याचे फोटो काढत होते. बगळा हलत नाही म्हणून खूश. नंदूभावजींनी फोटो मोठा करून बघितला तर दुधाची रिकामी पिशवी.

कदमकाका म्हणाले, "असू दे. फोकस बघ काय पक्का आलाय."

*

आमची परी दोन वर्षांची झाली तेव्हा ह्यांनी फ्लॅश लावून फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर मी बघितले. सगळ्या पोरांचे डोळे लाल आलेले. परीचा उजवाही लाल. डावा पांढरा. अंधारात मांजराचा चमकतो तसा.

मी म्हटलं, "हे असं का?"

"फ्लॅशचा लोचा आहे, वहिनी," नंदूभावजी म्हणाले. "नीट करून देतो."

चार दिवसांनी फोटो आले. दोन्ही डोळे काळेभोर.

तरी मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू या. हे म्हणाले, "सर्दी झाली की डॉक्टर, शिंकली की डॉक्टर. आता कॅमेरा बिघडला तरी डॉक्टर?" सगळे हसले. मीपण हसले. सातवी शिकलेल्या बाईने कॅमेऱ्यातलं काय बोलायचं?

*

कॅमेरा तपासायला आम्ही उल्हासनगरला गेलो. दुकानातल्या शेठने टॉर्च मारून कॅमेऱ्याच्या आत बराच वेळ बघितलं. परी माझ्या कडेवरच होती.

"भाभी, टेन्शन मत लो," शेठ म्हणाला. "कॅमेरा बुढ्ढा हो गया. पूरा सिस्टम ही चेंज करो."

सिस्टम बदलायची म्हणजे नुसता कॅमेरा नाही. या कंपनीची लेन्स त्या कंपनीला बसत नाही. लेन्स, फ्लॅश, सगळं देऊन दुसऱ्या कंपनीचं घ्यायचं. ह्यांनी घेतलं. संध्याकाळी कदमकाका दारातूनच म्हणाले, "महेशने पक्ष बदलला. आता आमच्या सतरंजीवर बसायचं नाही."

*

नव्या लेन्सची रिंग जुनीच्या उलटी फिरायची. ह्यांच्या हाताला जुनीच सवय. बदलापूर गावात माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. अक्षता पडायला लागल्या, ह्यांनी नवरी जवळ आणायला रिंग फिरवली आणि नवरी लांब गेली. पुन्हा फिरवली, आणखी लांब. फोटोत अख्खा मंडप, पंखे, खुर्च्या, आणि मुंगीएवढी नवरी.

मामा म्हणाला, "जावईबापू, हे मंडपवाल्याला द्या. खूश होईल तो."

*

पण त्या कॅमेऱ्याला कमी उजेड चालायचा. फ्लॅश लावावाच लागत नव्हता. घरात, देवळात, कुठेही परीचे फोटो काढा, दोन्ही डोळे काळे. हे मला स्क्रीनवर मोठा करून दाखवायचे. "बघ. गेला की नाही पांढरा?"

गेला होता. दसऱ्याला मी कॅमेऱ्याची पूजा केली. लेन्सवरच हळदकुंकू लावलं. हे तासभर कपड्याने पुसत बसले. वर झेंडूचं फूल तसंच राहू दिलं.

आठ महिने मला बरं वाटत होतं. परी डाव्या बाजूने दाराला धडकायची, तेव्हा मी दाराला फटका मारायचे.

*

एका संध्याकाळी लाईट गेली. परी पलंगावर नाचत होती, म्हणून मी माझ्या मोबाइलने फोटो काढला. मोबाइलचा फ्लॅश आपोआप पडला. डावा डोळा पांढरा.

मोबाइल तर तिसऱ्याच कंपनीचा.

लाईट आल्यावर मी तिच्या उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि समोर बिस्किट धरलं. तिने हात पुढे केला नाही. म्हणाली, "आई, लाईट गेली?"

*

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात औषध घालून बघितलं. म्हणाल्या, डोळ्याच्या आत गाठ आहे. डोळा राहील की काढावा लागेल, ते सगळ्या तपासण्या झाल्यावर सांगू. मग विचारलं, "पांढरं कधीपासून दिसतंय? जुने फोटो आहेत?"

ह्यांनी मोबाइल पुढे केला. बाई एकेक फोटो सरकवत गेल्या. "यात तर दोन्ही डोळे छान आहेत."

ह्यांनी तिथूनच नंदूभावजींना फोन लावला. वाढदिवसाचे मूळ फोटो हवेत, म्हणाले.

मग भावजी म्हणाले, "वाढदिवसाच्या आधीचेही आहेत रे. मी लाल डोळे काळे करतो ना, तसा तिचापण करायचो. रोजचं काम. लक्ष नाही दिलं."

परत येताना आम्ही तसेच पालेगावला गेलो. भावजींनी मूळ फोटो लावले आणि मागे मागे जात राहिले. वाढदिवस, पांढरा. धाकट्या जावेच्या बाळाचं बारसं, पांढरा. बोरन्हाण, डोक्यावरून बोरं पडताहेत, पांढरा. हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी म्हटलं, "अजून मागे जा."

शेवटचा उष्टावणाचा निघाला. परी तिच्या मामाच्या मांडीवर, तोंडाला खीर, डावा डोळा पांढराशुभ्र. शेजारी मी बसलेय. कॅमेऱ्याकडे सगळे बघताहेत, मी सोडून. मी तिच्या तोंडाकडे बघतेय आणि हसतेय.