क्रांतीची जनावरं

आमच्या मलकापुरात क्रांतीला लोक लॅबवाली म्हणून ओळखतात. दवाखान्यात रक्त तपासते. पण घरात तिची ओळख वेगळीच. सत्तावीस वर्षांची ही माझी चुलत बहीण डायनासोरचे रोबो जमवते. चार पायांचं जनावर हातात घ्यायचं, शेपटी वळवायची, जबडा छातीत दुमडायचा, की दोन पायांवर उभा माणूस तयार. असे तेवीस होते. पहिला काकांनी फौजेतून सुट्टीवर येताना जम्मूहून आणला, पुढचे तिनं पगारातून घेतले, काही तर कुणी टाकून दिलेले. ढिला झालेला सांधा सोडवून ती त्यावर बिनरंगाचं नेलपॉलिश लावायची आणि दोन दिवस वाळवायची. स्वतःच्या नखांना तिनं ते कधी लावलेलं मी पाहिलं नाही.

निवृत्त होऊन घरी आल्यापासून काका रोज विचारायचे, "जनावरांना वैरण टाकली का गं?" मीही काही कमी चिडवलं नाही. ती हसायची. पण कुणी जोर लावून एखाद्याचा पाय पिरगाळला की तिचे डोळे भरून यायचे.

गेल्या वर्षी तिचं लग्न आष्ट्याच्या जयराजशी ठरलं. काकूनं बजावलं, "ही खेळणी सासरी न्यायची न्हाईत. लोक काय म्हणतील?" क्रांतीनं वाद घातला नाही. सगळे रोबो जुन्या साड्यांत गुंडाळून तिनं काकांच्या लष्करी ट्रंकेत ठेवले आणि कुलूप न लावताच उठली. तिचं ते मुकाट ऐकणं मला अजिबात आवडलं नाही, पण मी बोललो नाही. आपल्याकडं लग्नात भावानं ओझी उचलायची असतात, मत द्यायचं नसतं.

ती ओझीही मी धड उचलली नाहीत. काकांच्या ट्रंका दोन, दोन्ही काळ्या, दोन्हींवर पांढऱ्या रंगात त्यांचा फौजेतला नंबर. रुखवताची ट्रंक घरी राहिली आणि मी टेम्पोत चढवली जनावरांची.

आष्ट्याच्या कार्यालयात रुखवत मांडायला बसलेल्या आमच्या धोंडुआत्यानं ती उघडली. हल्ली रुखवतात लोक काय वाट्टेल ते मांडतात, थर्माकोलचे किल्ले काय, साबणाचे हत्ती काय. आत्याला यात काहीच वावगं वाटलं नाही. टेबलावर लाल कापड अंथरून तिनं तेवीस डायनासोर ओळीनं मांडले आणि प्रत्येकाच्या कपाळी हळदीकुंकू लावलं. आम्हाला पत्ता लागेपर्यंत जयराजची आई राहीबाई चार बायका घेऊन रुखवत बघायला आली होती. एकदा मांडलेलं रुखवत मुलीबरोबर सासरी जातं, ते कुणी माघारी नेत नाही.

काकूच्या तोंडचं पाणी पळालं. मला तर कुठं तोंड लपवू असं झालं. राहीबाईसोबतची एक बाई फिसकन हसली. "पोरगी नांदायला आलीया का खेळायला?"

"आवं, चुकून आलंया," काकू घाईनं म्हणाली. "शेजारच्या पोरांचं हाय."

तेवढ्यात क्रांती खोलीतून बाहेर आली. अर्धी तयारी झालेली, एकाच हातात हिरवा चुडा. तिनं टेबलाकडं पाहिलं, मग आईकडं. आता ही मान खाली घालणार, असं मला वाटलं.

"न्हाई," ती म्हणाली. "माझं हाय. धा वर्षं जमवतीया. घरी ठिवून येणार हुते."

तिनं एक जनावर उचललं. बोटं एकदाही चुकली नाहीत. दहा-बारा हालचालींत ते उभं राहिलं. तिनं ते सासूच्या तळहातावर ठेवलं. हसणारी बाईसुद्धा वाकून बघू लागली.

राहीबाईनं ते बराच वेळ फिरवून फिरवून पाहिलं. मग ट्रंक पुढं ओढली, साडीचा एक तुकडा घेतला आणि ते स्वतःच्या हातानं नीट गुंडाळू लागली.

"माझ्या रुखवतात शंभरभर वस्तू हुत्या, पोरी," ती मान वर न करता म्हणाली. "त्यातली एकबी माझी नव्हती."