व्याह्यांचा पैलवान

सन २०२२. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, शाळा तिसरीपर्यंतची. पण माणूस वाचायला शाळा लागत नाही. आमच्या कागलच्या व्याह्यांइतकं जिवाला जीव लावणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. फक्त जीव कुणाचा, एवढं ते बघत नाहीत. माझी लेक त्यांची सून. व्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. निवृत्त होताना लोक शाल-नारळ घेतात. यांनी काचेची पेटी मागून घेतली. आत बोटाएवढी, बिनपंखांची, तपकिरी परदेशी झुरळं. छेडलं की सापासारखी फुसकारणारी. पहिल्या दिवाळीला लेकीचा फोन आला, "आबा, ह्या घरात आधी झुरळांवर कोमट पाणी शिंपडत्यात, मग माणसांच्या आंघोळी."

झुरळाला गाजर, काकडी पुरते. व्याही भिजवलेले बदाम घालायचे. का, तर नर एकमेकांना टकरा देतात, म्हणजे ते पैलवान, आणि पैलवानाला खुराक पाहिजे. हेही मी सोसलं असतं. पण एकदा त्यांनी तालमीतली मूठभर लाल माती आणून पेटीत पसरली. मी तरुणपणी बारा वर्षं त्या मातीत लोळलेला माणूस. नातवाच्या बारशाला, भर पंगतीत मी बोललो, "पावणं, तुमच्या ह्या किड्याला कधी हात लावला तर मिशी उतरवीन."

व्याही जिलबी मोडत शांतपणे म्हणाले, "मिशी त्यालाबी हाय की. पण त्यो न्हाय अशी गहाण टाकत."

पंगत हसली. वर्षभर मी कागलला पाऊल टाकलं नाही.

मग व्याह्यांना लकव्याचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणल्यावर गेलोच. खाटेवर बसले होते, पेटी उशाला, ताट तसंच झाकलेलं. एक हात लुळा पडलेला, दुसरा थरथरत होता. लेक म्हणाली, "मामंजींच्या हातावर चढतच न्हाईत आता. हात थरथरला की पळत्यात. आणि आमच्यात दुसरं कोण हात लावत न्हाय."

व्याही पेटीकडेच बघत होते. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी झाकण काढलं. ओढायचं नाही, पोटाखाली बोट सरकवायचं, हे त्यांनीच शंभरदा ऐकवलेलं. सगळ्यात थोराड नर सावकाश बोटावर चढला. पाय गोखरूच्या काट्यासारखे टोचले. डाव्या हातानं मी व्याह्यांचा हात खालून घट्ट धरला, थरथरू नये म्हणून, आणि पैलवानाला त्यांच्या तळव्यावर उतरू दिलं. फुसकारला नाही. मिशा हलवत बसून राहिला. व्याही त्याच्याकडे बघत राहिले, मी त्यांचा हात सोडला नाही.

मग ते जड जिभेनं म्हणाले, "पावणं... मिशीचं काय?"

"सकाळी बघू की. तुम्ही जेवा आधी."

रात्री घरी परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गावच्या न्हाव्याच्या खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "उतरव." आरशात बघत बसलो नाही. कागलची पहिली बस गाठायची होती.