पंगतीतला धक्का

दिपमाला मॅडमचं खरं नाव हिवरपाट गावात शाळेची पोरं सोडली तर कुणाच्या तोंडात नव्हतं. गाव तिला पापडबाई म्हणायचं. समोर नाही, पाठ वळली की. आणि हे नाव ठेवणारा इसम होता सुपडू, विहिरी खोदणारा.

नाव पडलं त्याला कारण झालं शाळेच्या अडगळीच्या खोलीतलं मशीन. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये जमिनीची हालचाल मोजायची म्हणून एका संस्थेनं तिथं खड्डा खणून सिमेंटचा ओटा बांधला, त्यावर नारळाएवढं एक यंत्र बसवलं आणि त्याची तार शेजारच्या संगणकाला जोडून दिली. मशीननं ऐकायचं, संगणकानं लिहून ठेवायचं. ते लिहिलेलं वाचायचं कसं, हे शिकायला विज्ञानाची बाई म्हणून दिपमालाला धुळ्याला पाठवलं. ती सावद्याच्या केळीवाल्यांची लेक, हौशी. परत आली ती नव्या सुनेनं पहिल्यांदा पुरणपोळी लाटावी तशा उत्साहात.

पहिल्याच उन्हाळ्यात एका सकाळी पडद्यावर धक्क्यांची नुसती रांग लागली. धप्प, धप्प, धप्प. दुसऱ्या दिवशी तेच. दिपमालानं हेडसरांना सांगितलं, हेडसरांनी सरपंचाला, आणि सरपंचानं मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून अख्ख्या गावाला. खाटा-बाजा घराबाहेर निघाल्या. माणसं शेतात जाऊन राहिली, बरोबर शेळ्या, कोंबड्या आणि एकानं तर नवा टीव्ही नेला. मग अडगळीच्या खोलीला पाठ लावून घर असलेली दिवालीबाई शाळेत आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"धरनीमाय नही हालनी ओ बाई, आम्हना पापड हालनात!"

गल्लीतल्या बाया त्या भिंतीच्या सावलीत दगडावर उडदाच्या पापडाचं पीठ मुसळानं कुटत होत्या. भिंतीच्या आत मशीन, भिंतीच्या बाहेर मुसळ. गाव आठवडाभर हसलं. पारावर सुपडूनं मिशीला ताव देत जाहीर केलं, "आपली पापडबाई भारी शे भो! उद्या वडा तळा तरी सांगी, ज्वालामुखी फुटी ग्या!"

दुसरी कुणी असती तर मशीनवर गोणपाट टाकून मोकळी झाली असती. दिपमाला दुसऱ्या दिवशी दिवालीबाईच्या ओट्यावर जाऊन बसली. "अक्का, आता एकटीच कुटा. आता दोघी मिळून. आता थांबा." बायांना वाटलं, बाईला धक्का भलतीकडेच बसला. पण त्या कुटत राहिल्या, कारण फुकटात एक जास्तीची पापड लाटणारी मिळाली होती. संध्याकाळी दिपमालानं पडद्यावर त्याच वेळा काढून पाहिल्या आणि मुसळाची रेघ डोळ्यांत साठवून घेतली.

तिथून तिला नादच लागला. पिठाची गिरणी सुरू झाली की रेघ कशी थरथरते, शेतातल्या मोटारींची लाइट आली की तळाशी कशी घुरघुर सुरू होते, कपाशीचा ट्रक खड्ड्यात आदळला की काय उमटतं, पोरं मधल्या सुट्टीत सुटली की काय. संगणकातल्या त्या सॉफ्टवेअरमध्ये हवा तो दिवस काढता येई, हवी ती घटका ताणून रुंद करता येई, चाळणीतून तूरडाळ चाळावी तसे जाडे-बारीक आवाज वेगळे करता येत. सगळ्यात तिला आवडायचं ते शोधाचं बटण. एखादी रेघ नमुना म्हणून द्यायची आणि म्हणायचं, हिच्यासारख्या जेवढ्या असतील तेवढ्या काढ. सॉफ्टवेअर महिन्यामहिन्यांच्या ढिगाऱ्यात शिरायचं आणि सारख्या तोंडवळ्याच्या रेघा धरून आणायचं. प्रत्येकीला ती नाव देऊन ठेवी. 'मुसळ.' 'गिरणी.' 'पोरं.' सुपडू विहिरीत सुरुंग उडवायचा तेव्हा एकच उभा फटका उमटायचा, खिळ्यासारखा सरळ. त्याला तिनं नाव दिलं होतं 'सुपडू.' नाव ठेवण्याची तेवढीच परतफेड.

या हिवाळ्यात मात्र खरोखरच काहीतरी सुरू झालं. जमिनीतून घुम्म असा आवाज यायचा, फडताळातली भांडी किणकिणायची, कुत्री उठून उभी राहायची आणि सगळं पुन्हा शांत. आणि अशाच एका आवाजानंतर पंडित आबांच्या नव्या घराला दाराच्या चौकटीपासून छतापर्यंत तडा गेला.

पंडित आबा म्हणजे दिपमालाचे सासरे, गावातलं वजनदार माणूस. नवं घर म्हणजे त्यांचा जीव. त्या वेळी नदीकाठी सुपडूचं विहिरीचं काम चालू होतं. आबांना दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नाही.

"हाऊ सुपडूच! चोरीछुपे सुरुंग फोडस. गाव पाडी तो!"

एकदा आबा बोलले म्हटल्यावर ज्याच्या त्याच्या भिंतीला तडे सापडू लागले, दहा वर्षांपूर्वीचेसुद्धा. रविवारी ग्रामसभा ठरली. ठराव असा येणार होता की सुपडूनं विहिरीतला दगड-गाळ वर ओढायची यारी, दोर, माणसं घेऊन गावाबाहेर व्हावं आणि शिवारात पुन्हा सुरुंगाला हात लावू नये. हिवरपाटानं हाकललेल्या माणसाला शेजारची गावं बोलावणार नाहीत, हे शेंबडं पोरसुद्धा जाणत होतं. विहिरीशिवाय सुपडूला दुसरं काही येत नव्हतं. त्याच्या बापालाही येत नव्हतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर सुपडू संगणकाच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात. एवढा धिप्पाड गडी, पण उंबऱ्याच्या आत यायला धजेना.

"मॅडम," तो म्हणाला. हा शब्द त्यानं तिच्यासाठी पहिल्यांदाच वापरला होता.

"या ना, सुपडूभाऊ. पापड नाहीत आज, पण बसा."

तो कसनुसा हसला. "आता लाजाडू नका. माले एक सांगा, तुम्हनं मशीन खरं बोलस ना?"

"जे ऐकलं ते बोलतं. पण एक आधीच सांगते. तुमचा सुरुंग निघाला तर मी तुमचाच म्हणून सांगीन."

"सांगा. चौकमा उभं करीसन सांगा. मन्हा सुरुंग आख्खा गावले आयकू येस, आधी मी बोंब ठोकस, मंग वात लावस. चोरीना धंदा नही मन्हा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पन मन्ही बाजूना एक तरी बोल सापडी ग्या, तर तो बी दडपू नका."

तो गेला आणि दिपमाला बसली. गावानं ऐकलेल्या आवाजांच्या वेळा काढल्या. रेघा समोर आल्या. सुपडूच्या खिळ्यासारखं त्यात काहीच नव्हतं. इथं आधी एक बारीक हिसका होता, मग श्वासभर थांबून दुसरा, चांगला दांडगा, आडवा. भुईच्या पोटात खोलवर काही सरकलं की असेच दोन हिसके निघतात, पुढचा चपळ आणि मागचा जड, आणि दोघांतलं अंतर म्हणजे ते किती लांबून आले त्याचा पत्ता. तो पत्ता नदीकाठच्या विहिरीचा नव्हता. डोंगराखालचा होता.

घरी तिनं आबांना ताटावरच सांगून टाकलं. आबांनी भाकरीचा तुकडा हवेतच धरला.

"सूनबाई, रेघा कोनी बी काढी. एक सुरुंग जोरना, एक धीराना, झाल्या दोन रेघा. मागे बी तुम्हनी रेघ खरीच व्हती ना?"

बोचलं. पण आबांचंही खरंच होतं. ग्रामसभेत अशी रेघ कोण मानणार? गावाला हातात धरता येईल असं काही हवं होतं.

शनिवारी सकाळची शाळा उरकून ती पुन्हा संगणकापुढे बसली. आबांची भिंत तडकली त्या दिवसाची रेघ तिनं नमुना म्हणून दिली आणि सॉफ्टवेअरला हिवाळाभरच्या ढिगाऱ्यात सोडलं. चहा झाला, दुसरा झाला. एकेक रेघ वर येऊ लागली. पहाटेची, दुपारची, काही इतक्या बारीक की गावाला कळल्याही नव्हत्या. खाली सरकता सरकता एका तारखेवर तिचं बोट थांबलं.

ती तारीख अख्ख्या गावाला पाठ होती. भाविकाच्या लग्नाची. भाविका म्हणजे सुपडूची एकुलती एक लेक, दिपमालाचीच विद्यार्थिनी.

तो दिवस तिनं ताणून पाहिला. पडद्यावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण! वरातीचा डीजे शाळेसमोर उभा राहून जे काही वाजला होता ते सगळं मशीननं इमानेइतबारे लिहून ठेवलं होतं. असल्या कुंपणात सॉफ्टवेअरला भास झाला असला तर? उद्या उठून तिनं हे दाखवायचं, आणि निघायची नवरदेवाच्या मित्रांची उडी. मग ती जन्माची पापडबाई आणि सुपडू गावाबाहेर.

तिनं चाळण लावली. डीजेचा धडधडाट वर राहिला, तो बाजूला केला. नाचणाऱ्यांचे पाय उरले. पण पाय म्हणजे शेवटी मुसळच की! वर-खाली, वर-खाली, आणि एका तालात. मुसळ तिला झोपेतसुद्धा ओळखू येत होतं. मशीन तीन दिशांनी ऐकायचं, वर-खाली, पूर्व-पश्चिम, दक्षिण-उत्तर. आडव्या दिशांच्या रेघा तिनं पुढे घेतल्या. ताल विरला आणि काट्यांच्या मधून ते दोन हिसके दिसले. बारीक हिसका. श्वासभर अंतर. दांडगा हिसका. हुबेहूब.

तरी तिनं उडी मारली नाही. तेवढा तुकडा तिला धुळ्याला शिकवणाऱ्या संस्थेच्या मॅडमना पाठवला आणि वाट पाहत बसली. दिवेलागणीला उत्तर आलं. त्याच घटकेला धुळ्याकडच्या मशीननं आणि नर्मदेपलीकडच्या मशीननंही तो धक्का लिहिला होता. वरात काही तिथपर्यंत गेलेली नव्हती.

रविवारी ग्रामसभा शाळेच्या मोठ्या वर्गात भरली. पंडित आबा पुढच्या बाकावर, सुपडू मागे भिंतीला टेकून. ठराव वाचायच्या आधी दिपमालानं दोन शब्द मागितले आणि भिंतीवर पडदा लावला. मागून कुणीतरी खाकरलं, "आज काय शे, पापड का कुरडया?" हशा झाला.

"आज बट्ट्या," दिपमाला म्हणाली. "भाविकाच्या लग्नाला कोण कोण जेवलं होतं?"

सगळा वर्ग गोंधळला. हात मात्र सगळेच वर झाले. सुपडूनं गावजेवण घातलं होतं, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी.

"आबा, तुम्ही?"

"मी पहिल्या पंगतमा," आबा गुरगुरले. "मंग?"

"वाढायला कोण होतं?"

उत्तर दिवालीबाईनं दिलं. "कोन म्हंजे? हाऊ सुपडू आनि त्यानी बठ्ठी टोळी! हाऊ तर बट्टीना टोपला लईसन आबाना पुढून हालतच नव्हता. अजून एक ल्या, अजून एक ल्या!"

"आणि विहिरीवर?"

"विहीरवर कोन राही?" मागून एक म्हातारा म्हणाला. "हळद लागेल घरना मानूस सुरुंगले हात लावस नही. यारी बी दोरी बांधीसन उभी व्हती."

"बरोबर," दिपमाला म्हणाली आणि पडद्यावर ते काट्यांचं कुंपण आणलं. "हा आपला डीजे. हे आपले नाचणारे." एकेक चाळण लावत ती आवाज बाजूला करत गेली आणि वर्ग हळूहळू पुढे झुकत गेला. शेवटी दोन हिसके उरले. त्यांच्या खाली तिनं आबांच्या भिंतीच्या दिवसाची रेघ ठेवली. जुळ्या बहिणी. त्यांच्याही खाली सुपडूच्या सुरुंगाचा खिळा ठेवला. त्याचं या दोघींशी नातं नव्हतं, हे दिवालीबाईलासुद्धा चष्म्याशिवाय दिसलं.

"हा धक्का बसला तेव्हा वरात इथं शाळेसमोर नाचत होती आणि बाकी सगळं गाव मंडपात होतं, पहिली पंगत चालू होती. डीजेपुढे कुणाला कळला नाही. धुळ्याच्या मशीनला कळला. आता सांगा, तेव्हा सुपडूभाऊंच्या हातात वात होती की बट्टी?"

मग दिवालीबाईनं टाळी दिली ती शेजारणीच्या पाठीवर. "आरे देवा! गाव हाली राह्यंतं नि आबा तूप मागी राह्यंतात!"

वर्ग असा फुटला की ते हसणंही मशीननं टिपलं असणार. आबांचा चेहरा लाल झाला. दिपमालाला तिथंच थांबता आलं असतं, पण ती पुढे बोलली. धक्के खरे आहेत, पण बारीक आहेत. पळायचं कारण नाही. मशीन ऐकत राहील, ती सांगत राहील. आणि आबांची भिंत एवढ्याशा धक्क्यानं फाटलेली नाही. पाया काळ्या मातीवर आहे, पावसाळ्यात ती फुगली, हिवाळ्यात आकसली.

आबा उठले. ते मागच्या भिंतीपर्यंत चालत गेले आणि सुपडूसमोर उभे राहिले.

"वरण आळणी व्हतं," आबा म्हणाले. "बट्टीबद्दल मन्हं काहीच म्हननं नही."

"म्हनीसनच तूप जास्ती वाढं, आबा," सुपडू म्हणाला.

ठराव कुणी वाचलाच नाही.

मंगळवारी नदीकाठच्या विहिरीवर काम पुन्हा सुरू करायचा नारळ फुटला, तोही आबांच्या हातानं. सुपडूनं पोरगं पाठवून शाळेत निरोप धाडला होता, मॅडम, मशीनपुढे बसा. दिपमाला सातवीचा अख्खा वर्ग घेऊन संगणकाच्या खोलीत बसली. लांबून त्याची बोंब आली, "भागाऽऽ रे भागाऽऽ!" मग खिडकीचं तावदान थरारलं, आणि पडद्यावर एकच सरळ, उभा, कुणाच्या बापाला न भिणारा फटका उमटला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. दिपमालानं त्या रेघेच्या नावाची चौकट उघडली. तिथं आधीचंच 'सुपडू' होतं. तिनं त्याच्यापुढे 'भाऊ' जोडलं.

तेवढ्यात नदीकडून पुन्हा आवाज आला, या वेळी पूर्ण छातीनं, अख्ख्या शिवारात घुमेल असा.

"देखं का ओऽऽ मशीनवाली बाईऽऽ?"