व्हिएतनामची बैठक

मुलांनो, आजीचे गुडघे दुखायला लागले म्हणून तिची व्हिएतनामची सफर रद्द झाली, असं तुमच्या वडिलांनी तुम्हाला सांगितलं आहे. परवा धाकटीने फोनवर मला कुठलंसं मलम सुचवलं, तेव्हा मला ते कळलं. माझे गुडघे ठणठणीत आहेत. रोज सकाळी मी अजिंक्यताऱ्याचा अर्धा चढ चढून येते. खोटं कारण तुमच्या डोक्यात पक्कं बसायच्या आत खरं काय झालं ते लिहिते. ते गुडघेदुखीपेक्षा वाईट आहे.

माझी कॉलेजातली मैत्रीण सांगलीला माधवनगर रस्त्यावर राहते. जैन आहे, माझ्यासारखीच नवरा गेलेली. तिचा मुलगा हळदीचा व्यापार करतो. पाठीवर एकेक पिशवी घेऊन, कुठल्याही सहल कंपनीच्या मागे न लागता, एक देश हिंडायचा असं आम्ही दोघींनी दोन वर्षांपासून ठरवलं होतं. देश ठरला, मग त्यातले प्रदेश निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी ते शिस्तीत केलं. तिचा चातुर्मास संपल्याशिवाय ती निघणार नाही, म्हणजे दिवाळीनंतरच. त्या दिवसांत मधल्या किनाऱ्यावर पाऊस आणि पूर असतो, म्हणून तो भाग मीच गाळला. उरले दोन. उत्तरेचे डोंगर, जिथे उतारावर भाताच्या पायऱ्या आहेत आणि गावातल्या लोकांच्या घरी राहता येतं. आणि दक्षिणेला नदीच्या मुखाशी होड्यांचा मुलूख. ती सूर्यास्तानंतर जेवत नाही. उत्तरेत तेव्हा सव्वापाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून रोज चारला मुक्कामी पोचायचं, असं धरून मी अंतरं आखली. उत्तरेला दहा दिवस दिले, दक्षिणेला चार. तिला कांदा, लसूण, बटाटा नको हे तिथल्या भाषेत कागदावर लिहून घेतलं.

मग तिच्या मुलाचा फोन आला. "मावशी, रविवारी जरा सगळे बसूया का? घरातल्यांच्या कानावर घातलेलं बरं."

इथे मी चूक केली, आणि ती आपल्याकडचंच माणूस करू शकतं. बैठक म्हटली की आपल्या बाजूचा एक पुरुष लागतो. लग्न असो, जमिनीचा बांध असो, बाई एकटी जात नाही. चौतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या मी, कुणी न सांगता, माझ्या धाकट्या भावाला फोन केला. तो फौजेतून सुभेदार होऊन आलेला. "येतो की आक्का," म्हणाला, आणि इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसला.

सांगलीला पोचलो तर दिवाणखान्यात सतरंजी अंथरलेली, तिच्या मुलाचे चुलते लोडाला टेकून बसलेले. भावाला त्यांच्या शेजारी बसवलं. मैत्रीण म्हणाली, "चल गं, पोहे करूया." आणि मी गेले. जायचं होतं आम्हाला दोघींना, आणि आम्ही दोघी आत पोह्यांवर खोबरं पेरत होतो.

दारातून सगळं ऐकू येत होतं.

"उत्तरेला काय हाय हो बघण्यासारखं?" चुलते म्हणाले. "डोंगर? डोंगर तर तुमच्या साताऱ्यात मोप हायत."

"जळवा असत्यात तिकडं," माझा भाऊ म्हणाला. "मी ईशान्येला होतो तवा बघितल्यात. बुटात शिरत्यात. बायकामाणसांचं काम न्हाई ते."

ईशान्य म्हणजे व्हिएतनाम नव्हे, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

मी पोहे घेऊन बाहेर आले तेव्हा मुलगा मोबाइलवर सगळ्यांना एक व्हिडिओ दाखवत होता. बाजारात सोललेली कुत्री टांगलेली. "बघा मावशी, असल्या ठिकाणी आईला न्यायचं?" चुलत्यांनी फोन हातात घेतला, तोंडातला घास न थांबवता ती कुत्री पुन्हा एकदा पाहिली, मग फोन माझ्या भावाकडे दिला. पोह्याचा एक दाणा त्या काचेवर चिकटला होता. भावाने तो नखाने काढला आणि पुढचं बघायला लागला. त्या व्हिडिओत मागच्या दुकानाच्या पाटीवर चिनी अक्षरं होती, ती जागा व्हिएतनाममधली नव्हतीच. मला ते स्पष्ट दिसत होतं. मी बशा वाटल्या.

"दक्षिणेचं मोठं शहर चांगलं," मुलगा म्हणाला. "तिथं एक पार्टी हाय माझ्या वळखीची. हळद घेणारी. आई जातीच हाय तर नमुन्याची पाकिटं तेवढी न्यायची. हॉटेल मी बघतो."

"मग झालंच की!" चुलते म्हणाले. "देवदर्शन बी आन् धंदा बी."

"देव कुठला तिथं?" भाऊ म्हणाला, आणि तिघं हसले.

अशी उत्तर गेली. होड्यांचा मुलूखही गेला. राहिलं ते मोठं शहर, मुलाचं हॉटेल आणि हळदीची पाकिटं. चुलत्यांनी माझ्या भावाचा हात हातात घेऊन दाबला, जसा सुपारी फुटल्यावर व्याह्याचा दाबतात. स्वयंपाकघरात परत येऊन मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, "जाऊ दे गं. त्याच्या मनासारखं होऊ दे. निघू तरी." मला तिचीही किळस आली, हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आली.

परतताना कराडच्या पुढे भाऊ म्हणाला, "लय बेस झालं बघ आक्का. माणसं चांगली हायत. कसं मानानं बसवलं मला."

"तुला बसवलं," मी म्हणाले.

"मग? तुज्याच बाजूनं बसलो न्हवं?"

मी काच खाली केली. आत त्याच्या अत्तराचा वास कोंडला होता.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला कळवलं की मी येत नाही. तुमच्या वडिलांना फक्त "जमत नाही" एवढंच म्हटलं. गुडघे त्यांनी जोडले. ती मुलगा-सुनेबरोबर गेली आणि आठवड्याने परत आली. मग एसटीने एकटी माझ्याकडे साताऱ्याला आली. तिने सगळं सांगितलं: सहा दिवस हॉटेलच्या नवव्या मजल्यावर, सूर्य बुडायच्या आत सुनेने नेलेल्या दशम्या खायच्या. एकदा हळद घेणाऱ्याच्या कचेरीत चार तास खुर्चीवर बसायचं, तो आला की पाकिटं पुढे करायची आणि फोटो काढून घ्यायचा. तिने नदी पाहिली ती लिफ्टच्या काचेतून. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, भोग आता.

मग ती म्हणाली, "तू का नाही बोललीस?"

"तुझा मुलगा होता."

"म्हणूनच. माझ्याच्यानं बोलवत नाही हे तुला ठाऊक आहे. तुला तर बोलता येतं. चार माणसांत इंग्रजी झाडतेस, प्राचार्यांना गप्प केलेलंस माझ्यासमोर. आणि माझ्या घरात पोहे वाटलेस? वर भावाला आणलंस. त्याला कशाला आणलंस गं?"

मी चहा टाकायला उठले. ती म्हणाली, "बस खाली." मी बसले.

त्या बैठकीतल्या तिघांची मला शिसारी येते, ती अजून गेलेली नाही. पण पोह्यांच्या बशा हातात घेऊन उभ्या असलेल्या चौथ्या माणसाची जास्त येते. तुम्ही मोठे व्हाल, कुठे जायचं ते ठरवाल. त्या वेळी तुमच्या बाजूने कुणालाही बसवू नका, मलासुद्धा नाही.

आम्ही दोघींनी उत्तरेचं पुन्हा काही ठरवलेलं नाही. ती दर गुरुवारी फोन करते, मी उचलते, आणि आम्ही बोलतो. एवढं शिल्लक आहे.