कागदावरचं ग्रहण

आज ग्रहण. नातसून पोटुशी, तरी खुशाल पाणी पितेय.

इंग्रजांच्या राज्यात असंच ग्रहण लागलं होतं. काशीच्या पंचगंगा घाटावर स्नानाला झुंबड; मी पुरोहित, यजमानांना संकल्प सांगत होतो. एक मास्तर दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडून येईल त्याला समजावत होते. आमची ही, सहा महिन्यांची गरोदर, पुढे घुसली.

"अहो, कुरतडलेल्या भाकरीसारखा दिसतोय! या ना!"

"का गुरू, घरवाली तो तुमसे बड़ी पंडित निकली!" नावाडी हसला.

यजमानांसमोर नाक कापलं गेलं. तिला ओढत घरी नेलं, अंधाऱ्या खोलीत कोंडलं. ग्रहण सुटेपर्यंत पाण्याचा थेंब दिला नाही.

मुलगा धडधाकट झाला. माझ्यामुळेच, असं जन्मभर मिरवलं. ग्रहण तर तिनं आधीच पाहिलं होतं, हे ती मरेपर्यंत बोलली नाही. मला ते आज सुचलं. नातसुनेकडे मान वर करून बघवेना.