डावं मडगार्ड

बारामती एमआयडीसीतल्या त्या फायबरवाल्याचा उद्धटपणा मी किती वर्षं सोसतोय. इंदापूरकडच्या धरणावरच्या मच्छीमारांना तो फायबरच्या होड्या करून देतो आणि हौशी लोकांच्या जुन्या गाड्यांना बॉडी किट, म्हणजे फायबरची नवी रुंद मडगार्डं वगैरे, बसवतो. बोलण्याआधी समोरच्या वस्तूवर टिचकी मारायची त्याला सवय. माझं पोट तेवढं त्यानं अजून वगळलंय.

वडिलांची दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार मी त्याच्याकडे नेली. पन्नाशीत मला ती रेसच्या गाडीसारखी रुंद हवी होती, म्हणजे जुनी मडगार्डं कापणं आलं. त्यानं डाव्या मडगार्डवर टिचकी मारली.

"हितला रंग कशानं गेला?"

"वडील रोज तिथं टेकून चहा प्यायचे."

तो भडकला. "आन् ह्ये मला कापायला सांगताय, राव? होडी फुटली तर दुसरी करीन. ह्ये कुठनं करू?" त्यानं ग्राइंडर माझ्या हातात कोंबला. "तुमीच कापा. मी बघत न्हाय." आणि खरंच पाठ फिरवून उभा राहिला.

गिऱ्हाइकाशी बोलायची ही रीत झाली? मी तशीच गाडी घेऊन धुमसत घरी आलो. बायकोनं अंगणात चहा आणून दिला. तोही मी रागातच प्यायलो, त्याच मडगार्डला टेकून.