पायवाली

आमच्या सिस्टरले माणसाचं तोंड ध्यानात राहत नोतं, पाय राहत. चांदूर बाजारच्या बाजारात कोणी बाई समोर येऊन "वळखलं का सिस्टर?" म्हणे, तर ही आधी खाली पाहे. पाय पाह्यले का मंग नाव घे, गाव सांगे, कोणच्या टाचेले जखम होती तेही सांगे. म्हणून लोकाईनं तिचं नाव पायवाली ठेवलं. खरं नाव आमच्या जिभेले जमतच नोतं. ती हॉलंडची. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून आली तवा पोरगीच होती, अन् मंग इथंच म्हातारी झाली.

दवाखाना महारोगाचा. मी तिथं पेशंट म्हणूनच आलती. एकोणीस वर्साची असन. नवऱ्यानं फाटकापाशी उतरवलं, सायकल वळवली अन् गेला. मागं पाह्यलं नाही. मी तिथंच मातीत बसली होती. ही गोरी बाई आली. रडते कावून, कोणाची कोण, काही पुसलं नाही. म्हणे, "पाय दाखव."

औषधानं रोग गेला, पण हातापायातलं गेलेलं परत आलं नाही. काटा रुतला तरी समजत नाही, तवा तापला तरी समजत नाही. माह्या बोटाची पेरं अशीच भाकरी टाकता टाकता गेली. म्हणून सिस्टरचा नेम होता, रोज सकाळी सगळ्याईनं पायरीवर बसाचं अन् तळवे वर कराचे. ती आधी डोळ्यानं पाहे, मंग हाताची मागची बाजू लावून ऊब पाहे. जिथं ऊब जास्त तिथं आतून सडून राह्यलं, असं तिनं आमाले शिकवलं होतं. कोणी म्हटलं, "सिस्टर, मले काहीच दुखत नाही," तर डाफरे, "दुखत नाही म्हणूनच पाहाचं ना, बुद्धू!"

बरी झाली तरी मी कुठं जाऊ? तिथंच सैपाकाले राह्यली. चाळीसच्या वर वर्सं मी अन् तिनं एका चुलीचं खाल्लं. पहिले पहिले ठेचा खाऊन तिच्या डोळ्यातून पाणी गळे. मंग मलेच म्हणाले लागली, "फुला, आज मिरच्या आजारी हाएत का?" माहं नाव पंचफुला, ती फुला म्हणे. तिच्या देशातून एकदा पिवळं चीज आलं, साबणाच्या वडीसारखं. मी म्हटलं, "हे आंगाले लावाचं का भांड्याले?" तर हासून हासून तिले ठसका लागला.

दवाखान्यामागं निंबाखाली तिच्या जोडीच्या सिस्टरची कबर हाये. उन्हाळ्यात काळ्या मातीले हात जाईन एवढ्या भेगा पडते. ही बादली घेऊन जाय अन् भेगात पाणी सोडे. बाजूची जागा तिनं दगड मांडून आपल्यासाठी राखून ठेवलती. बकऱ्या तिथं बसल्या का हाकले, "उठ वं, माह्या खाटेवरून!" पेशंटच्या रबरी चपला करणारा रहीमचाचा तिले चिडवे, "सिस्टर, इतनी जल्दी क्या है? जगह कहीं भागी जा रही है क्या?" ती म्हणे, "चाचा, आमच्या देशात खड्डा खणला का पाणी लागते. मले कोरड्यात झोपाचं हाये."

एवढंच मागणं होतं तिचं. दुसरं काही मागताना मी तिले पाह्यलं नाही.

मंग तिले शुगर झाली. एक दिवस मी फरशी पुसून राह्यली होती तं डाव्या पायाचे डाग दिसले, रक्ताचे, पार तिच्या खोलीपर्यंत. मी म्हटलं, "सिस्टर, पाय दाखवा."

"माहंच बोलणं मलेच?" म्हणून हासली. पण दाखवला. अंगठ्याखाली चण्याएवढं भोक. बुटात खडा होता, दोन दिवस घेऊन चालली होती. शुगरनं तिचेही पाय बधिर, समजलंच नाही तिले.

हासणं थांबलं. म्हणे, "अमरावतीले सांगू नको, फुला." अमरावतीले त्याईच्या वरच्या सिस्टर राहत. "आधीच वय झालं म्हणून परत जा म्हणून राह्यले. हे समजलं तं विमानात बसवून देतीन."

मी नाही सांगतलं. दार लावून रोज पट्टी करत जाऊ. तिले वाकता येत नोतं, डोळेही मंद झाले होते. खाटेवरूनच पुसे.

"पू?"

"नाही."

"वास?"

"नाही."

"ऊब?"

मी तिच्यासारखीच हाताची मागची बाजू लावो. "नाही."

गोऱ्या माणसाचे पाय, उन्हाळाभर तसेही लालच. तीन हप्ते असंच चाललं. मंग एक दिवस सैपाकखोलीत पडली. अंग तापलेलं. गाडी करून अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं हात लावला अन् लगेच काढला. "एवढा गरम पाय, कोणाले समजलं कसं नाही?" गुडघ्याखालून कापला.

दोन दिवसानं शुद्धीवर आली. मी स्टुलावर बसली होती. माहा हात घेऊन लय वेळ पाहत राह्यली.

"फुला, तुह्या हाताले ऊब समजत नाही."

"नाही."

"मंग मी तुले कावून पुसत होती?" अन् मंग हळूच म्हणे, "मी विसरलीच वं."

मले जो पाहते तो आधी माहा हात पाहते. हॉटेलवाला कप वेगळा देते. बसमध्ये बाजूची बाई सरकून बसते. एक तीच होती, जी विसरली.

पण मी नोती विसरली. हे तिले सांगतलं नाही, इथं सांगतो. माहा हात काही सांगत नाही हे मले रोज ठाऊक होतं. गालाले अजून समजते. एक डाव गाल लावला असता तं समजलं असतं. नाही लावला. समजलं असतं तं अमरावतीले सांगावं लागलं असतं, अन् मले तिले जाऊ द्याचं नोतं.

ती गेलीच. चाकाच्या खुर्चीत बसवून हॉलंडले नेली. मंग तिथून एकदा फोनवर दिसली, पांढऱ्या खोलीत, लय लहान झालेली. बोलणं तुटत होतं. म्हणे, "पाय दाखव." मी फोन खाली धरला, दोन्ही तळवे दाखवले. "बरे हाएत," म्हणे. पाऊस पडत होता तिच्या खिडकीत. पुढच्या महिन्यात निरोप आला. तिथंच पुरलं तिले, वल्ल्या मातीत.

निंबाखालच्या भेगात मी पाणी टाकतो. बाजूच्या दगडाईत बकऱ्या बसते, बसू देतो.

सकाळी पायरीवर आता मी बसतो. म्हणतो, पाय दाखव. डोळ्यानं पाहतो, मंग वाकून गाल लावतो. नव्या नर्स पोरी हासते, आजी पायाले गाल लावते म्हणून. हासू द्या. मी लावतो, अन् ऊब समजेपर्यंत उचलत नाही.